किरकोळ झुडपे

मी खोटं लिहिलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, वळणदार अक्षरात आणि निळ्या शाईनं मी लिहिलं : 'सदर जागेवर किरकोळ झुडपे आहेत.' त्या वाक्याखाली गावातल्या नऊ जणांच्या सह्या आहेत आणि एक अंगठा आहे. अंगठा भिकाबाबांचा. त्यांना वाचता येत नव्हतं. कागदात काय लिहिलंय ते त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी त्यांच्याकडं बघत दुसरंच सांगितलं होतं.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं मी मोहाच्या वासाबद्दल लिहिणार आहे, झऱ्याच्या आवाजाबद्दल लिहिणार आहे. ते वाचून कुणी म्हणायला नको की या माणसाचा गावच्या बनावर केवढा जीव होता. जीव होता, हे खरंच आहे. ते वाक्यही त्याच माणसानं लिहिलं, हेही खरंच आहे.

आज चैत्रातला सोमवार. पहाटे परभणीहून मोटरसायकल काढली, सेलू मागं टाकलं आणि देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. या फाट्यावरचा चहा मला चांगला ठाऊक आहे. गेल्या इतक्या वर्षांत कितीतरी चैत्रांत मी इथवर आलो, असाच चहा घेतला आणि मोटरसायकल परत परभणीकडं वळवली. घरी विचारलं तर सेलूला काम होतं म्हणून सांगायचो. आज कप खाली ठेवला आणि चारठाण्याच्या रस्त्याला लागलो.

चारठाण्याच्या पुढं काळी जमीन संपते आणि मुरमाड डोंगर सुरू होतो. तिथं आमचं गाव आहे. खालच्या अंगाला शेतकऱ्यांची घरं आणि आम्हा लिंगायतांची चार दुकानं. वरच्या अंगाला आंध आदिवासींची वाडी. मधे बन. बन म्हणजे काही फार मोठं जंगल नव्हे, अर्ध्या तासात भोवती फेरी पुरी होईल एवढंच. पण बाहेर शेतात फुफाटा उडत असताना बनात पाऊल टाकलं की तळव्यांना ओल लागायची. पाचोळा कुजल्याचा, बेलफळं फुटल्याचा, रानमांजरांचा आणि ओल्या दगडाचा असा एकात एक मिसळलेला वास यायचा. दुपारी तांबट पक्षी टुक टुक करत राहायचा, जणू आत कुठं तरी भांड्याला पोचे पाडणं चालू आहे. आणि या सगळ्या आवाजांच्या तळाशी झरा. तो दिसायचा कमी आणि ऐकू जास्त यायचा. सादड्याच्या मुळांखालून निघून तो हातभर रुंदीनं वाहायचा आणि पुन्हा पाचोळ्यात शिरायचा.

बनाच्या मधोमध एक दगड होता. गुडघाभर उंच, काळा, डोक्याला जरा निमुळता. वरच्या वाडीचे लोक त्याला 'बनातला बाबा' म्हणायचे, आम्ही 'उघडा महादेव' म्हणायचो. आमच्याकडून त्याला बेल जायचा, त्यांच्याकडून मोहाची फुलं. देवाचं खरं नाव कुठलं, यावरून कधी कुणी भांडल्याचं मला आठवत नाही.

बनात लोखंड न्यायचं नाही, असा नेम होता. कुऱ्हाड तर नाहीच, विळाही नाही, बायकांच्या पदराला टोचलेली पिनसुद्धा नाही. वेशीवर एक वाकडा पळस होता, त्याच्या फांदीला सगळं अडकवून आत जायचं. माझे वडील, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा पळसाला अडकवायचे. एरवी तो जुडगा त्यांच्या कमरेचा सुटत नसे. चैत्रात लाल फुलांचा बहर सरत आलेल्या त्या झाडावर दिवसभर आमच्या दुकानाच्या किल्ल्या लटकत असायच्या आणि मला आप्पा कमरेत जरा सरळ झाल्यासारखे वाटायचे.

मोहाची फुलं गळायला लागली की येणारा पहिला सोमवार कबुलीचा. तोवर कुणी एक फूलही तोंडात घालायचं नाही. त्या दिवशी पहाटे दोन्ही वस्त्यांची माणसं बनात यायची. मोहाखाली रात्रीत पडलेल्या फुलांचा पिवळसर सडा असायचा. द्राक्षासारखी गरगरीत, ओली, बोटांना चिकटणारी फुलं. तो वास मी कसा सांगू? गूळ कढत असावा आणि शेजारी कुणी ओल्या गवताची पेंढी सोडावी, तसा काहीसा. डोकं जड करणारा. वरच्या वाडीच्या बायका पहिली ओंजळ दगडापुढं ठेवायच्या. मग सगळे गोल उभे राहायचे आणि वर्षभरात बनाचं जे जे घेतलं, मोडलं, तुडवलं ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. ऐकायला बनाचे राखणदार भिकाबाबा. लहान चणीचे, कानात सोन्याची बारीक बाळी, मांडीपर्यंत धोतर. कुणी काहीही सांगो, ते एकच शब्द बोलायचे.

"माझ्या शेळीनं आपट्याचा शेंडा खाल्ला, बाबा."

"ऐकलं."

"मी वाळकी फांदी नेली. मंजी, पुरती वाळली नव्हती."

"ऐकलं. तुज्या अंगणात हिरवा पाला पडला व्हता, तवाच ऐकलं व्हतं."

माणसं हसायची. फांदी नेणाराही हसायचा. आप्पांची पाळी आली की गर्दी आधीच तोंडाला हात लावायची. "पुड्या बांधायला पळसाची पानं नेली. दोन टोपल्या," आप्पा सांगायचे.

"ऐकलं. पुडीत साखरबी तेवढीच घाला, आप्पा."

मी आठ वर्षांचा असेन. माझी पहिली कबुली मला अजून पाठ आहे. छाती पुढं काढून मी ओरडलो होतो, "मी पाच टेंभरं खाल्ली!"

"ऐकलं," भिकाबाबा म्हणाले. मग खाली वाकून माझ्या खिशाकडं बघत त्यांनी विचारलं, "आन् सहावं?"

"सहावं खिशात हाय."

"मंग खाऊन घे. आन् बी इथंच थुक, घरी नेऊ नको."

मी तिथंच टेंभूर चोखलं आणि बी जमेल तेवढं लांब थुंकलं. सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं कितीतरी दिवस मी ते बी उगवलं का ते बघायला जायचो.

कबुलीला शिक्षा नव्हती, दंड नव्हता. सांगितलं की मोकळं. मग बनाच्या बाहेर गोवऱ्यांचा जाळ व्हायचा, रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण. राख झटकून फोडलेल्या रोडग्यावर तूप सोडलं की आतून वाफ निघायची. पळसाच्या पत्रावळीवर मोहाची उकडलेली फुलं यायची. खालची वस्ती आणि वरची वाडी एका पंगतीला बसायची. वर्षातला तेवढाच एक दिवस. पण तो होता.

मग मी शिकलो. मास्तर झालो आणि माझ्याच गावच्या शाळेत लागलो. त्या सुमाराला एकदा चारठाण्याला गेलो होतो. तिथल्या जुन्या देवळांच्या खांबांना हात लावून बराच वेळ उभा होतो. उन्हाळा होता तरी दगड गार होता. खांबावरची नक्षी बोटांखाली अजून कळत होती. गावी आलो तर आमचा महादेव पाचोळ्यात बसलेला. डोक्यावर कावळ्याची शीट. मला त्याची लाज वाटली. देवाची लाज वाटली, असं आज लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं होतं. देऊळ बांधायचं असं गावात ठरलं, कमिटी झाली, मी चिटणीस झालो. अक्षर माझं चांगलं होतं.

आप्पा एवढंच म्हणाले, "उघड्यावर बसला तरी महादेव महादेवच असतो की रे." मी त्यांना चारठाण्याच्या खांबांबद्दल बरंच काही ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

जागेचा कागद करायचा होता त्या दुपारी आम्ही वेशीच्या पळसाखाली बसलो होतो. भिकाबाबा उकिडवे बसले होते. त्यांच्या अंगाला तंबाखूचा आणि धुराचा वास येत होता. देवळाला लागणाऱ्या जागेत सात जुनी झाडं येत होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"सारं गाव मनायलंय तर बांधा," ते म्हणाले. "मी आडवा येत न्हाई. पर मास्तर, झाडं कागदात लिवा. इथं सात जाणती झाडं व्हती, हे कुठं तरी ऱ्हावं."

"लिहितो की, बाबा."

"नावानं लिवा."

आणि त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. बनातल्या प्रत्येक जुन्या झाडाला नाव होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. वर्षानुवर्षं मी त्या झाडांखाली जेवलो होतो. ते एकेक नाव सावकाश सांगायचे, मधे थांबायचे, माझं पेन थांबलं की पुढचं सांगायचे. माझं पेन हलत होतं. रद्दी कागदाच्या कोपऱ्यात मी त्रिकोण काढत होतो. एका त्रिकोणाला लागून दुसरा. जुनी झाडं कागदावर आली असती तर परवानगीला वेळ लागला असता आणि आम्हाला महाशिवरात्रीला कळस चढवायचा होता. खरा कागद आधीच तयार होता. सातवं नाव सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लिवली समदी?"

"लिहिली, बाबा."

"मंग बरं. कागदात ऱ्हायली तर कुठं तरी ऱ्हायली." आणि त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. मी तो शाईच्या गादीवर टेकवला, कागदावर दाबला. त्यांच्या अंगठ्याला मोहाचा चीक लागून तडे गेले होते. ठशात ते तडे उमटले.

झाडं पडतानाचं मला क्रमानं काही आठवत नाही. आवाज आठवतात. करवतीचा, दोरांचा, आणि पडण्याच्या आधी खोडातून येतो तो एक कण्हल्यासारखा आवाज. आणि आठवतो तो उजेड. बनाच्या मधोमध उन्हाचा एवढा मोठा चौकोन मी कधी पाहिला नव्हता. दगडावर ऊन पडलं होतं आणि तो पहिल्यांदाच लहान दिसत होता. मग त्या चौकोनात लोखंडी गजांचे भारे आले, खडी आली, सिमेंट आलं. बनात लोखंड न्यायचं नाही, हे कुणाच्या तरी तोंडून निघालं आणि हवेत विरून गेलं.

महाशिवरात्रीला कळस चढला. मला हार घालण्यात आला.

त्या चैत्रात वरच्या वाडीच्या बायका पहाटे टोपल्या घेऊन आल्या, सवयीनं. मोह तर उरला नव्हता. रिकाम्या टोपल्या कमरेवर धरून देवळाच्या फरशीवर काही वेळ उभ्या राहिल्या. कबुली झाली. शेळ्यांच्या, फांद्यांच्या, पानांच्या कबुल्या झाल्या. माझी पाळी आली.

"यंदा माझ्याकडून काही नाही, बाबा," मी म्हणालो.

भिकाबाबांनी माझ्याकडं पाहिलं. "ऐकलं," ते म्हणाले.

त्यानंतर मी कबुलीला गेलो नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात झऱ्याचा आवाज थांबला. मी जूनमध्ये बदली मागून घेतली आणि परभणीला आलो. भिकाबाबा गेल्याचं मला शाळेत कळलं. तेव्हा मुलांना चाचणी चालू होती. मी वर्गात फेऱ्या मारत राहिलो. मातीला गेलो नाही. पुढं आप्पाही गेले. दुकान बंद झालं. गावाकडं माझं असं काही उरलं नाही, असं मी लोकांना सांगू लागलो.

दोन वर्षांपूर्वी एक फोन आला.

"मास्तर, मी कौसा बोलायलेय. भिकाबाबाची सून."

कौसा लग्न होऊन वाडीत आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. तिचा नवरा पूर्णेला रेल्वेच्या कामावर असायचा, महिन्यातून एकदा यायचा. म्हाताऱ्यामागं बनाची राखण तिच्याकडं आली होती, एवढं मी ऐकून होतो.

"बरी आहेस का?"

"बरी हाय. काम हाय तुमच्याकडं. आमी बनाचा दावा टाकलाय, सामूहिक वनहक्काचा. बन वाडीच्या नावानं राखायला मिळावं म्हणून. समदे कागद झाले. आन् आता एक जुना कागद निघालाय. त्यात लिवलंय, तिथं किरकोळ झुडपं हायेत, बन न्हाईच. खाली आमच्या म्हाताऱ्याचा अंगठा हाय. मी मनले, आमचा बाबा असं कामून लिवून देईल? तर हापिसातले मनले, अंगठा बघा. आन् मास्तर, अक्षर तुमचं हाय मनायलेत."

फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तुमीच सांगा. बन व्हतं का न्हवतं?"

"होतं," मी म्हणालो.

"मंग तेवढं लिवून द्या."

मी असं का केलं, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी जबाब दिला. लिहून घेणारा लिपिक माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं पेन थांबवून हळूच विचारलं, "सर, तुमचं नाव खराब होईल. बघा बरं." मी म्हणालो, लिही. सात झाडं लिहिली, जाती लिहिल्या, घेर अंदाजानं लिहिले. जागा पूर्वापार देवाची आणि वाडीच्या राखणीतली, हे लिहिलं. शेवटी एक वाक्य मी स्वतः सांगितलं : 'पूर्वीच्या कागदात ही झाडे नजरचुकीने नमूद झाली नाहीत.'

जबाबाची प्रत कौसानं पोरीकडून वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काम होईल मनायलेत आता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नजरचुकीनं व्हय, मास्तर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चैत्रात या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि काम झालं! बन बन म्हणून कागदावर चढलं. सीमा मोजल्या गेल्या, नकाशा झाला, वाडीच्या ग्रामसभेच्या हातात शिक्क्याचा कागद आला. त्या दिवशी वाडीत आणि गावात हलगी वाजली, असं मला फोनवर ऐकवलं गेलं. फोन करणाऱ्या पोरानं तो हवेत धरला होता. मी परभणीच्या घरी भाजी निवडता निवडता हलगी ऐकत बसलो. बायकोनं विचारलं, कुणाचं लग्न आहे? मी म्हणालो, झाडांचं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

चैत्रात मात्र मी गेलो नाही. फाट्यावर चहा घेतला आणि परत आलो.

यंदा आलो. वेशीचा वाकडा पळस अजून आहे, अजून वाकलाय. त्याच्या फांद्यांना विळे, चाव्या, छत्र्या, पोरांच्या सायकलींची कुलपं, असं काय काय लटकत होतं. मी मोटरसायकलची चावी अडकवली. मोबाइलचं काय करायचं म्हणून घुटमळलो, तर शेजारचा एक पोरगा म्हणाला, "सर, त्यात बी लोखंड असतंय. अडकवा." मी पिशवीत घालून अडकवला. चपला काढल्या. पाऊल आत टाकलं.

तळव्याला ओल लागली.

मी तिथंच उभा राहिलो. मला आधी वास आला. मग आवाज आला, आणि पुढं जायला मला बराच वेळ लागला. झरा वाहत होता. हातभर नाही, वीतभरच. पण वाहत होता, बोलत होता. त्याच्या काठाला घडीव दगडांची नेटकी ताल, म्हणजे रचलेला बांध, होती आणि ते दगड मी ओळखले. आमच्या देवळाच्या भिंतीचे होते ते.

देवळाचा स्लॅब गळायला लागला तेव्हा पोरांनी नवं, मोठं देऊळ बांधायचं ठरवलं होतं म्हणे. ग्रामसभेत कौसा उठून म्हणाली, "बाबाला इतकी वर्षं कोंडून ठेवलंय. आता त्याला आभाळ बघू द्या." बराच गलका झाला. खालच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, देव पावसात भिजला तर? कौसा म्हणाली, "तुमच्या जन्माच्या आधीपासून भिजायलाय तो, काका. कवा सर्दी झाल्याचं ऐकलं का?" त्या हशातच ठराव झाला. आत गेलेलं लोखंड बाहेर काढायला लोखंडच आत न्यावं लागणार होतं. त्याचीही कबुली झाली, हातोड्याहातोड्याची. दोन्ही वस्त्यांनी मिळून स्लॅब उतरवला, गज भंगारात गेले, कळस शाळेच्या कपाटात ठेवला आणि भिंतीचे दगड झऱ्याला लागले.

आता दगड पुन्हा पाचोळ्यात बसला आहे. त्याच्या मागं फरशीला भलीमोठी भेग गेली आहे आणि त्या भेगेतून मोह वर आला आहे. आम्ही पाडला त्याच्याच बुंध्यातून. एकाच्या जागी पाच खोडं, पाचही मिळून मला कवेत घेता येणार नाहीत इतकी. कौसानं पंचवीस वर्षं त्याला काट्याचं कुंपण केलं होतं, शेळ्यांमागं धावली होती, उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी आणल्या होत्या. देवळाच्या पायरीवर मात्र तिनं कधी पाय ठेवला नाही. बाहेरूनच ती त्या कोंभाच्या पाया पडायची. आज त्या पाच खोडांखाली पिवळसर सडा पडला होता. पोरं, बायका, म्हातारे, सगळे वाकून फुलं वेचत होते आणि टोपल्यांत फुलं पडताना थेंबांसारखा आवाज येत होता. पलीकडं पाचोळा हलवत कुठला तरी पक्षी चालला होता. धावडा फुटलाय, बेहडा फुटलाय, उंबराला खोडभर उंबरं लागलीत. मी लिहिलं होतं त्याहून ही झुडपं फारच हट्टी निघाली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मला हसू आलं, मोठ्यानं. दोन-तीन माणसांनी वळून बघितलं.

"आलात व्हय," मागून कौसा म्हणाली. केस पांढरे झालेत, कानात सासऱ्याचीच ती बारीक बाळी आहे. "फाट्यावर चहा घेतला का?"

"तुला कसं माहीत?"

"चहावाला आमच्या वाडीचा जावई हाय. दरसाली सांगतोय, तुमचे मास्तर येऊन गेले मनून."

कबुली सुरू झाली. शेळ्या झाल्या, फांद्या झाल्या. एका पोरानं फोटोसाठी फूल तोडल्याचं सांगितलं. एक नवी सून इतकी हळू बोलली की तिला तीनदा सांगावं लागलं आणि तिसऱ्यांदा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कौसा प्रत्येकाला "ऐकलं" म्हणत होती. भिकाबाबांपेक्षा तिचा आवाज जाड आहे. मग सगळे माझ्याकडं बघू लागले.

"मी सात झाडं पाडायला लावली," मी म्हणालो.

कौसाच्या तोंडून 'ऐकलं' आलं नाही.

"आणि ती कागदात लिहिली नाहीत. नजरचुकीनं नाही. जाणून."

मग ती म्हणाली, "नावानं सांगा."

मी डोळे मिटले. पळसाखाली उकिडवं बसून सावकाश सांगणारा तो आवाज, पेन थांबलं की पुढं जाणारा, अठ्ठावीस वर्षं माझ्या कानात होता. मी न लिहिलेलं सगळं कानानं ठेवून घेतलं होतं.

"म्हातारी मोहा," मी म्हणालो. "लंगडा धावडा. पाण्यावरचा सादडा. पाळण्याचा उंबर. मुका बेहडा. वाघबशीचं जांभूळ."

आणि पुढं काही नाही. झाड मला दिसत होतं. खडकाला टेकलेलं, पांढरट सालीचं, माझ्या लहानपणी मी ज्याच्या ढोलीत बिट्ट्या लपवायचो ते. नाव येत नव्हतं. मी कौसाकडं पाहिलं.

तिनं मान हलवली. "मलाबी ठाव न्हाई. बाबा मनायचे, ते मास्तरच्या कागदात हाय."

खडकाजवळ आता एक तरणं झाड आहे, पांढरट सालीचंच. मी त्याच्याजवळ चालत गेलो. माणसांनी वाट दिली. झऱ्याचा आवाज तिथं अगदी जवळून येत होता. मी दोन्ही हात खोडाला लावले. गार होतं, चारठाण्याच्या खांबाइतकं. पण आतून काही तरी वर चढत असल्यासारखं वाटत होतं. मी मोठ्यानं बोललो, बनाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"भिकाबाबा, तुम्ही नावं सांगत होता तेव्हा मी त्रिकोण काढत होतो. तुम्ही विचारलंत, लिहिली का. मी म्हणालो, लिहिली. मी लिहिली नव्हती. त्यातलं एक नाव माझ्यामुळं जगातून गेलं. बाबा, मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."